गुणाअक्कांचा दोर

आमच्या गावात विहिरीचं पाणी किती खाली गेलंय हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे बढाई मारतात आणि निम्मे रडगाणं गातात. खरा आकडा एकाच माणसाला ठाऊक होता, त्या म्हणजे गुणमालाअक्का, गावाच्या गुणाअक्का. त्यांच्याकडे मीटर नव्हता. एक सुती दोर होता आणि एक पितळी लोटा.

मी भाऊसो. कवठे महांकाळच्या स्टँडमागे माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांच्या विहिरीतल्या आणि बोरमधल्या मोटरी वर काढतोय, त्यांत नवी तार भरतोय, पुन्हा खाली सोडतोय. कुणाच्या शिवारात किती फुटावर पाणी लागलं हे मला पाठ आहे, आणि त्या पाण्यावर मी पोट भरलंय. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे मला साधू समजायची चूक कुणी करणार नाही.

पहिल्यांदा अक्कांच्या विहिरीवर गेलो तेव्हा मी पंचविशीतला होतो आणि त्या वयात माणसाला सगळंच कळत असतं. उन्हात मोटर वर काढून घसा कोरडा पडला होता. काठावरच्या बादलीत ओंजळ घालणार, इतक्यात मागून आवाज आला, "थांब रं. अनगळ पाणी पिऊ नको."

जैनांच्या घरी पाणी गाळून पितात एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. अक्कांनी दुपदरी जाड फडक्यातून पाणी गाळलं आणि मला दिलं. मग ते फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतलं आणि ते धुवण लोट्यात धरलं. त्याला त्या जिवाणी म्हणत. डोळ्यांना न दिसणारे जे जीव फडक्यात अडकले, ते त्या धुवणात आले. आता ते जिथून आले त्याच पाण्यात परत पोचवायचे. तेही वरून फेकायचे नाहीत, आपटून मरतात. म्हणून लोट्याच्या तळाला एक कडी होती. दोराचा आकडा अशा बेताने अडकवायचा की लोटा सरळ खाली जातो, पाण्यावर टेकला की दोर सैल पडतो, आणि वर ओढायला लागलं की लोटा तिथंच अलगद उपडा होतो.

मी आपला पाहतच राहिलो. मग चेष्टा केली, "अक्का, किड्यामुंग्यांना घरपोच सोडता व्हय तुमी?"

"मग? पाणी त्यांचं हाय. आपुन मागून घेतलं. ज्याच्या घरातनं घेतलं त्याच्या घरात परत न्हाई सोडलं तर ती चोरी."

चोरी हा शब्द मला जरा जास्तच वाटला. लोट्याभर पाण्यासाठी एवढं कशाला, असं मनात म्हणत मी मोटर भरायला घेतली.

अक्कांचं माहेर सांगलीजवळ कृष्णाकाठचं. तिथं पाणी घरात शिरू नये म्हणून उंबरे उंच बांधायचे. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या आमच्या माळावर आल्या. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीत डोकावल्या, पाणी कुठं तळाला दिसलं, आणि काठावर बसून रडल्या. सासरे म्हणाले, "रडून पाणी वाढत न्हाई पोरी. मोजायला शीक." त्यांनी सांगितलं, दर अक्षय तृतीयेला लोटा पाण्यावर टेकला की दोराचा जो भाग काठाशी येईल तिथं एक चिंधी बांधायची. तेव्हापासून अक्का बांधत आल्या. दोर जुना झाला की नवा आणायचा आणि प्रत्येक चिंधी मापून त्यावर चढवायची. सगळ्या चिंध्या त्यांच्याच फाटक्या लुगड्यांच्या. फक्त नवरा गेला त्या सालची त्यांच्या धोतराची होती.

मी कुठंही मोटर सोडायला निघालो की आधी अक्कांकडे वाकडी वाट करून तो दोर बघून यायचो. कामाला यायचा, म्हणून. जिवाणीबद्दलची चेष्टा मात्र चालूच होती. अक्का हसायच्या आणि गूळ-शेंगदाणे पुढं ठेवायच्या.

त्यांच्या रानातून एक ओढा खाली जातो. खालच्या अंगाला भामाबाईंची वस्ती, अकरा घरं आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. पाऊस झाला की पाणी आधी अक्कांच्या तालीत, म्हणजे शेताच्या बांधाआड, मुरायचं आणि उरलेलं ओढ्याने वस्तीच्या विहिरीकडे जायचं. याची कुठं लिखापढी नव्हती. कुणाला तशी गरजच वाटली नव्हती.

अक्कांचा मुलगा भरतेश. तो वाईट माणूस नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणी तसं म्हणालं तर मला राग येईल. चार एकर द्राक्षबाग त्याने हातांनी वाढवलेली. एका साली पाणी कमी पडून घड मण्यांसकट सुकले, तेव्हा हा गडी बागेत उभा राहून एकेका वेलीला हात लावत होता. ते मी पाहिलंय. त्यानंतर त्याने शेततळं करायचं ठरवलं.

आमच्याकडचं शेततळं म्हणजे नुसतं पावसाचं तळं नव्हे. मोठा खड्डा काढायचा, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि जमिनीखालचं पाणी उपसून त्यात भरायचं. खाली असतं तोवर ते सगळ्या शिवाराचं. कागदावर आलं की एकाचं. भरतेशने तळ्याशेजारी दोन बोर मारले, दोन्ही पाचशे फुटांच्या आसपास. शिवाय ओढ्याला आडवा बांध घालून पावसाचं पाणीही तळ्याकडे वळवलं.

मी एवढंच म्हणालो, "खाली वस्ती हाय, भरतेश."

"आवं भाऊसो, माज्या रानात पडलेला पाऊस माजाच की. तुमच्या पत्र्यावरचं पाणी तुमी कुणाला इचारून धरता?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता, कारण दोन्ही मोटरी माझ्याच दुकानातून जाणार होत्या.

तळं झाल्यावर त्याने स्वयंपाकघरात बोरच्या पाण्याचा नळ आणला. आईचे गुडघे दुखायचे, विहिरीवरून पाणी ओढणं होत नव्हतं. पण अक्का नळाला हात लावेनात. म्हणाल्या, "आन जिवाणी कुठं सोडू? त्या पायपात लोटा जातोय व्हय?"

भरतेश हसला. "आई, खाली सगळं एकच पाणी हाय. बोर काय न् विहीर काय. तू विहिरीत सोड, ज्याचं त्याला पोचतंय."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय रं भाऊसो?"

"व्हय की अक्का. सगळं एकच." म्हाताऱ्या माणसाची समजूत काढतात तसं मी म्हणालो आणि विसरून गेलो. अक्कांनी मात्र विश्वास ठेवला. चार वर्षं त्या नळाचं पाणी गाळत होत्या आणि जिवाणी न चुकता विहिरीत सोडत होत्या.

मग तो कोरडा पावसाळा आला. ओढा एकदाच वाहिला आणि ते पाणी बांधाला अडून तळ्यात गेलं. थंडी सरेपर्यंत अक्कांच्या विहिरीतलं पाणी सगळ्या चिंध्यांच्या खाली उतरलं. फाल्गुनात लोटा नुसत्या चिखलावर टेकून परत आला. अक्कांनी भरतेशला दाखवलं. तो म्हणाला, "दुष्काळ हाय आई, सगळ्यांचंच तसं झालंय." त्याच्या तळ्यात मात्र निळं पाणी डुलत होतं.

चैत्रातल्या एका सकाळी मी त्यांच्या अंगणात स्टार्टर दुरुस्त करत होतो. अक्का सोप्यात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. वस्तीवरच्या तीन बायका घेऊन भामाबाई आल्या. भामाबाई साठीच्या, आयुष्य याच बागेत मजुरी करण्यात गेलेलं. हात जोडत नव्हत्या, पण दारात आलेल्या भरतेशशी बोलताना आवाज धीराचा होता.

"आण्णा, आमची हीर तळाला लागली. दिवसाला चार घागरी निघत्यात, अकरा घरांत. तुमचं बोर सारखं चालू असतंय. जरा दमानं घ्या."

"भामाबाई, बोर पाचशे फुटावर हाय," भरतेश म्हणाला. "तुमची विहीर पन्नास फुटाची. खडकाखालचं पाणी येगळं आन वरचं येगळं. त्येचा तुमच्याशी काय संबंध न्हाई. भाऊसोंना इचारा, त्यांचा धंदाच हाय त्यो."

ते वाक्य माझंच होतं. वरचं वेगळं, खालचं वेगळं. बोर मारताना ज्याचा हात कचरतो त्याला मी हे ऐकवायचो आणि तो निर्धास्त व्हायचा. दहाबारा गावांत ते वाक्य फिरलं असेल. आता ते माझ्याच तोंडासमोर आलं. मी हात पुसले आणि म्हणालो, "व्हय. तसंच असतंय."

भामाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग बायकांना घेऊन निघून गेल्या. सोप्यातला सुपाचा आवाज थांबला होता.

"भरत," अक्का म्हणाल्या, "नळ घेतलास तवा तूच म्हणालास, सगळं एकच पाणी हाय."

"आई, ते आपलं..."

"आता म्हणतोस येगळं. येगळं असंल, तर चार वरसं मी बोराचे जीव परक्या पाण्यात सोडले. रोज सोडले आन रोज मारले. आन एकच असंल, तर भामाच्या विहिरीचं पाणी तुज्या तळ्यात हाय. ह्यातलं खरं कुठलं?"

मी स्टार्टरच्या स्क्रूकडे बघत बसलो. वेगळं म्हणावं तर आईच्या माथी पाप, एक म्हणावं तर त्याच्या. आम्ही सोयीने दोन्ही डगरींवर हात ठेवला होता आणि त्यातला एक हात माझा होता. दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला असता तर हसून घालवला असता. पण ही बाई चार वर्षं रोज पाय ओढत विहिरीपर्यंत गेली होती.

"मला म्हाईत न्हाई, आई," भरतेश शेवटी म्हणाला.

"मग म्हाईत होईस्तवर नळाचं पाणी मला नको," अक्का म्हणाल्या. "ज्या पाण्याला परत जायची वाट न्हाई, ते घ्यायचं न्हाई." त्यांनी तसा नियमच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून अक्का लोटा-दोर घेऊन ओढ्याच्या वाटेने वस्तीच्या विहिरीवर जायला लागल्या. तिथं सकाळी वीतभर पाणी साचायचं. बायका म्हणायच्या, अक्का तुमी पुढं या. त्या रांगेतच उभ्या राहायच्या. दिवसाला एकच लोटा पाणी घ्यायच्या, गाळायच्या आणि जिवाणी तिथंच सोडून परत यायच्या. मागच्या बाजूला त्यांच्याच मुलाचं तळं काठोकाठ भरलेलं, आणि त्या उन्हात बहात्तर वर्षांची बाई दिवसभर एका लोट्यावर. घरात सून ब्राह्मी रोज रडायची. सहाव्या दिवशी अक्का चढावर चक्कर येऊन बसल्या. भामाबाईंनी त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि त्या उंबऱ्याबाहेरूनच परत फिरल्या.

त्याच दुपारी भरतेश माझ्या दुकानात आला. मोठा बागायतदार, पण तोंड अगदी पोरासारखं झालेलं. "भाऊसो, आई मरंल अशानं. काय तरी सांगा तिला."

"मी सांगितलं म्हणूनच हे झालंय," मी म्हणालो. राग माझाच मला आला होता आणि निघत होता त्याच्यावर. "आठ दिवस दोनी बोर बंद ठेव. पाणी एक असंल तर विहिरीला कळंल. न्हाई तर न्हाई. अक्षय तृतीयेला दोर सांगंल."

बागेची खरड छाटणी नुकतीच झाली होती, वेलींना नवे डोळे फुटायचे आणि पाणी लागायचेच दिवस. तळ्यात पाणी असल्यामुळे बाग मरणार नव्हती, पण तळं रोज उतरताना बघणं त्याला किती जड गेलं असेल हे मला ठाऊक आहे. तरी त्याने खटके खाली ओढले. त्याबद्दल मी त्याला आजही मानतो.

आठ दिवस रोज सकाळी मी अक्कांच्या विहिरीवर जात होतो. पाण्यासाठी वस्तीवर जाणं अक्कांनी सोडलं नव्हतं, फक्त आता ब्राह्मी हाताला धरून नेत होती. अक्का रिकामा लोटा खाली सोडायच्या. पहिले चार दिवस तो वाळलेल्या गाळावर टेकून परत आला. पाचव्या दिवशी तळाला ओला गाळ लागला होता. अक्कांनी तो पदराने पुसून टाकला.

सहाव्या दिवशी लोटा वर घेताना अक्का हळूच म्हणाल्या, "भाऊसो, माजंच चुकलेलं निघू दे रं."

"म्हंजी?"

"पाणी येगळंच निघू दे. मी पुढल्या जन्मी भोगीन काय भोगायचं ते. पोराच्या माथ्यावर अकरा घरांची तहान नको."

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. आईचं काळीज म्हणतात ते मी तोवर फक्त ऐकलं होतं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी मी गेलो तेव्हा अक्का काठावर होत्या. भरतेश शंभर पावलांवर बागेच्या कडेला उभा होता, जवळ यायचं धाडस होत नव्हतं. अक्कांनी लोटा सोडला. दोर हातातून सरकत गेला, शेवटच्या चिंधीच्या पुढं गेला, आणि खालून डुबुक असा आवाज आला. दोर सैल पडला. आज आकडा तळाच्या कडीला नव्हता, दोर लोट्याच्या गळ्याला बांधला होता, म्हणून लोटा सरळ वर आला. अर्ध्याच्या वर पाणी होतं.

अक्कांनी लोटा काठावर ठेवला.

मी चटकन म्हणालो, "अक्का, सांगू नका. गाळातनं झिरपलं असंल, मी तसं सांगतो त्याला. कुणाला काय कळतंय?" त्यातलं निम्मं अक्कांसाठी होतं. उरलेलं निम्मं मी शिवारभर सोडून ठेवलेल्या मोटरींसाठी होतं, हे मला बोलतानाच कळलं.

"तू एकदा सांगितलंस तेवढं पुरं झालं, भाऊसो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग त्यांनी हाक मारली, "भरत!"

तो आला. अक्कांनी ओला लोटा त्याच्या हातात दिला. "माजं चुकलं न्हाई, भरत. एकच पाणी हाय," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. भरतेशला अर्थ कळायला वेळ लागला नाही. तो लोटा धरून उभा राहिला, मग काठावर बसला. त्याचेही डोळे भरले होते. डोळे पुसून त्याने दोर हातात घेतला आणि विचारलं, "चिंधी कुठं बांधू, आई?"

अक्कांनी पदराचं टोक फाडून दिलं. लोटा पुन्हा खाली सोडून, मापून, त्याने ती बांधली. सगळ्या चिंध्यांच्या पलीकडं होती, म्हणजे पाणी आजवरच्या प्रत्येक सालापेक्षा खोल.

तेव्हापासून ते दोन्ही बोर बंद आहेत. पावसाच्या आधी भरतेशने ओढ्यावरचा बांध फोडला. आता ओढा आधी वस्तीकडे जातो, आणि पूर आला तर वरचं पाणी तळ्यात येतं. तेवढ्या पाण्यावर चार एकर बाग जगत नाही, म्हणून दोन एकर त्याने काढली. त्या दिवशी तो बागेत एकटाच गेला होता. भामाबाईंच्या विहिरीला उन्हाळ्यात आता गुडघाभर पाणी राहतं. फार नाही, पण राहतं. बाकी गाव सुधारलं असं समजू नका. शेजारच्या शिवारात बोर पडतच आहेत आणि त्यातल्या मोटरी मीही सोडतो, पोट भरायचं असतं. फक्त ते वाक्य आता बोलत नाही. कुणी विचारलंच तर सांगतो, खालचं पाणी कुणाचं ते खालच्या वस्तीला विचारून ये. चार गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत. अक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या, शांतपणे, णमोकार मंत्र म्हणता म्हणता. या वर्षीची चिंधी भरतेशने बांधली, त्यांच्याच लुगड्याची.

मला मात्र सारखी आठवते ती बोरमधली पहिली मोटर वर काढली ती दुपार. साखळी लावून एकेक पाईप ओढत होतो. शेवटच्या पाइपात थोडं पाणी राहिलं होतं. अक्कांनी ते सांडू दिलं नाही. फडकं धरून गाळलं, जिवाणी लोट्यात घेतली आणि गुडघे धरत विहिरीकडे निघाल्या. मी दोर धरायला मागून गेलो. लोटा पाण्यावर टेकला, उपडा झाला, रिकामा वर आला.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "चला अक्का, चार वरसाचं पाप तरी न्हाई लागलं तुमाला. बरं झालं."

अक्का दोर गुंडाळत होत्या. एकेक चिंधी बोटांखालून जात होती.

"बरं कसलं रं," त्या म्हणाल्या. "माजं असतं तर मी एकटीनं फेडलं असतं."